मी लावलेल्या नऊ पेट्या

माझी धाकटी पोरगी जोया लग्न होऊन बल्लारशाला नांदायला गेली ते साल २०१८. त्याच साली माझा भाऊ जाहिद कायमचा घरी परत आला. लग्नाचा मांडव अजून दारात होता. तो रिक्षातून उतरला तेव्हा मांडववाल्याची माणसं बांबू सोडत होती. त्यातल्या एकानं त्याला उशिरा आलेला पाहुणा समजून सांगितलं की जेवण कालच संपलं.

हे आधी लिहितो, कारण बाकी सगळ्यांनी त्याच्याबद्दल लिहिताना सुरुवात जर्मनीपासून केली आहे. त्याच्या नावानं एक स्मरणिका निघाली. तिच्यात अकरा लेख आहेत. अकराही जणांनी १५ डिसेंबर २०१९ च्या कार्यक्रमाचं कौतुक केलं आहे. जंगलाचा आवाज, मातीचा आवाज, सुरेल, अविस्मरणीय. माझ्याकडेही दोन पानं मागितली होती. मी दिली ती त्यांनी छापली नाहीत. भाऊ, जरा गोड लिहा ना, असं त्या संपादकानं फोनवर सांगितलं. मला गोड लिहिता येत नाही. तो कार्यक्रम नासला होता आणि तो मी नासवला होता. हे ज्याला वाचायचं नसेल त्यानं ती स्मरणिका वाचावी.

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत आमचं पेट्यांचं दुकान आहे, मागे घर. पेटी म्हणजे हार्मोनियम. अब्बा दुरुस्त करायचे, त्यांच्यामागे मी. जाहिद माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. अम्मी तो तीन वर्षांचा असताना गेली, म्हणून तो दुकानातच वाढला, भात्याच्या कातड्यावर झोपून.

पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली पितळेच्या दोन रीड असतात. दोन्हींचा आवाज एका उंचीवर आणायचा, यालाच पेटी लावणं म्हणतात. रीड टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. दोघींत थोडासा फरक असेल तर आवाज सरळ येत नाही, हलतो, गरम तव्यावरच्या हवेसारखा. आम्ही दुकानात त्याला लहर म्हणायचो. घासत घासत लहर मंद होत जाते, मंद होते, आणि एका क्षणी थांबते. ती थांबली की काम झालं.

सात वर्षांचा जाहिद तिथेच भांडायचा. "काऊन थांबवली?" म्हणायचा. अब्बा सांगायचे की बाळा, ती खराबी आहे. तो म्हणायचा, मले खराबीच आवडते. अब्बांनी त्याला त्यावरून दोनदा मारलं. एकदा मीही मारलं.

पुढे तो नागपूरला शिकला. तिथल्या एका प्राध्यापकानं त्याला परदेशी संगीताची लिपी शिकवली, आणि शिष्यवृत्ती घेऊन तो जर्मनीला गेला. बावीस वर्षं राहिला. तिकडच्या शास्त्रीय संगीतात नव्या वाटेनं लिहिणारे लोक असतात, तो त्यांच्यातला झाला. त्याचं संगीत मोठ्या वाद्यवृंदांनी वाजवलं, त्याला मान मिळाला. लग्न केलं नाही. १९९९ मध्ये त्यानं एक कॅसेट पाठवली. मी आणि माझी बायको खैरुन, दोघं समोर बसून ऐकत होतो. चाल नाही, ताल नाही, सम नाही. वीस मिनिटं दोन व्हायोलिनी एकाच सुराच्या आजूबाजूला फिरत होत्या आणि सुरावर बसत नव्हत्या. खैरुन म्हणाली, "यायले कोणी घरात घेऊन राह्यलं नाई का?"

आम्ही हसलो. मी त्याला पत्रात लिहवून कळवलं की छान आहे. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, शेजारच्या सुनिल मास्तराकडून लिहून घ्यायचो. खरं म्हणजे मला राग आला होता. ती लहर मी ओळखली होती. आमच्या धंद्यात जी चूक काढण्यासाठी अब्बांनी डोळे घालवले, ती चूक हा माणूस कोट घालून लोकांना ऐकवत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

तर २०१८ मध्ये तो परतला तो आजारी होऊन. त्याचं हृदय थकलं होतं. तिकडच्या डॉक्टरांनी दीड-दोन वर्षं सांगितली होती. हे त्यानं आल्या दिवशी जेवताना सांगितलं, वरण मागावं तसं.

महिन्याभरानं तो दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "भाई, आपल्या भागातल्या भजन मंडळायच्या पेट्या दाखव मले. ज्या तुह्या हाताखाली कधी आल्या नाईत, त्या."

मी म्हणालो, अशा पेट्या म्हणजे भंगार.

"तेच पायजे."

मग आम्ही फिरलो. तो, मी आणि त्याची काळी वही. चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून साठ-सत्तर गावं झाली असतील. त्यातून त्यानं नऊ पेट्या निवडल्या. सगळ्या सांगत नाही, दोन सांगतो.

एक माजरीजवळच्या गावातली. मंडळाचे प्रमुख भैयाजी, शेतकरी, सोयाबीन आणि थोडा कापूस. त्यांचं शेत खाणीच्या रस्त्याला लागून. कोळशाची धूळ पेटीत बसून बसून तिचे सूर जड झाले होते. जाहिदनं भैयाजींना सांगितलं की ही एक पट्टी दाबून ठेवा. भैयाजींनी दाबली. पाच मिनिटं झाली, सात झाली. भैयाजींनी माझ्याकडे पाहिलं. "गफ्फारभाऊ, तुमचा भाऊ झोपला का जी?"

"नाही, ऐकतो आहे."

"काय आयकून राह्यला? मी त काईच वाजवून नाई राह्यलो."

दुसरी पेटी भामरागडच्या पुढच्या गावातली. पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद होतो म्हणून आम्ही फेब्रुवारीत गेलो. तिथे बायांचं मंडळ आहे, अर्धी गाणी मराठीत, अर्धी गोंडीत. पेटी वाजवणारी बायनाबाई, माझ्याच वयाची. ओल लागू नये म्हणून ती जूनपासून दिवाळीपर्यंत पेटी चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची. तिच्या सासूनंही तसंच ठेवलं होतं. चाळीस वर्षांचा धूर त्या रीडांवर बसला होता. आवाज इतका खाली गेला होता की काळी एक दाबली तर काळी एक येत नव्हती, पांढरीही येत नव्हती, दोन्हींच्या मधलं काही येत होतं. प्रत्येक पट्टी आपापल्या मनानं उतरलेली. आणि त्या बाया त्याच सुरांवर गात होत्या, एकही गळा न चुकता.

मी खिशातून कानस काढली. सवयीनं. जाहिदनं माझं मनगट धरलं. आजारी माणसाच्या मानानं फार जोरात धरलं.

त्यानं बायनाबाईला विचारलं की ही पेटी अशी केव्हापासून आहे.

"अशी मंजे कशी?" ती म्हणाली. "पेटी आहे, वाजते."

तो तिथे चार दिवस राहिला. मी दोन दिवसांत कंटाळलो.

परत येताना बसमध्ये, आलापल्लीच्या पुढे, त्यानं मला सगळं सांगितलं. नऊ पेट्या, नऊ गावं, नऊ वाजवणारे. चाळीस मिनिटांची रचना. पाचच पट्ट्या लागणार, आणि प्रत्येकानं घड्याळ पाहून लांब लांब सूर धरायचे. सुरुवातीला नऊ जण एकच पट्टी दाबतील, काळी एक. पण नऊ पेट्यांची काळी एक नऊ ठिकाणी आहे. धुरानं, धुळीनं, ओलीनं, उंदरांनी आणि हातांनी जिथे नेली तिथे. ते नऊ सूर एका खोलीत आले की एकमेकांना धक्के देतील आणि हवेत लहर उठेल. नऊ पेट्यांची लहर जगात कुठे कोणी ऐकलेली नाही. तीच रचना, बाकी सगळं तिला सांभाळण्यासाठी.

"भाई, मी आजपर्यंत जे लिहिलं ते लोकायच्या वाद्यासाठी लिहिलं," तो म्हणाला. "हे आपल्या दुकानातलं हाय. हे एकदा कानानं आयकायचं हाय मले. बस, एकदा. कागदावर ते नाईच, पेट्या एका जागी आल्याशिवाय ते कुठीच नाई."

मग त्यानं अट सांगितली. पेट्या जशा आहेत तशा यायला हव्यात. मी हात लावायचा नाही. अम्मीची कसम.

मी कसम खाल्ली. बस हलत होती, त्याचा श्वास लागत होता, मी खाल्ली.

चंद्रपुरातल्या कॉलेजात शिकवणारा प्रफुल नावाचा तरुण जाहिदच्या मागे मागे असायचा. सभागृह, परवानग्या, पाहुणे, सगळं त्यानं जमवलं. भामरागडची माणसं दोनदा येणं शक्य नव्हतं, म्हणून सगळ्यांची एकत्र तालीम फक्त आदल्या दिवशी ठरली. तोवर जाहिदनं एकेकाला गावात जाऊन शिकवलं. शेतकरी माणसं मनगटावर घड्याळ बांधून, ओठ हलवत सेकंद मोजायला शिकली. मला ते पाहून लाज वाटायची. त्यांना वाटत नव्हती.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. गुरुवारी जाहिदचे पाय सुजले आणि त्याला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाणी काढतो, रविवारी सकाळी सोडतो. आणि गुरुवारीच पेट्या यायला लागल्या, माझ्या दुकानात, कारण सभागृह शनिवारपासून मिळालं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. मंडळाची पेटी गावाबाहेर कार्यक्रमाला जाणार असेल तर ती आधी लावून घेतात. पेटी गावाची असते. ती बेसूर निघाली तर गावाचं हसं होतं. पोरीला पाहायला माणसं येणार असतील तर तिला कोणी तेल-फणी न करता बाहेर बसवत नाही, तसं. माझं निम्मं दुकान या रितीवर चाललं आहे.

भैयाजी पेटी घेऊन आले ते तिला नवीन झूल शिवूनच आले. लाल कापड, पिवळी झालर. टेबलावर पेटी ठेवली आणि म्हणाले, "आता लावून द्या जी."

मी सांगितलं की जाहिदनं नको म्हटलं आहे.

"त्यानं मनलं असन. तो तिकडचा झाला. तुमी त इथचे हा ना? कलेक्टर येऊन राह्यले, पेपरवाले येऊन राह्यले. आमच्या गावाचं नाव घेऊन ही पेटी अशी केकाटन? लोक काय मनतीन, माजरीवाल्यायले सूर नाई कळत?" मग आवाज खाली करून म्हणाले, "आन् तुमाले काय मनतीन, गफ्फारभाऊ? चांदा शहरात नऊ पेट्या, नऊच्या नऊ बेसूर, आन् पेटीवाला घरचाच."

हे शेवटचं त्यांनी म्हटलं नसतं तरी चाललं असतं. ते मी आधीच स्वतःशी म्हटलं होतं, वर्षभर.

आणखी सात मंडळांनी तेच म्हटलं. आरमोरीचे म्हणाले, आम्ही गुपचूप लावून घेऊ, त्याला कळणार नाही. मी मनात हसलो. त्याला कळणार नाही!

फक्त बायनाबाई वेगळं बोलली. शुक्रवारी सकाळी ती पेटी लुगड्यात बांधून घेऊन आली. बसमध्ये ती पेटी तिनं मांडीवर ठेवली होती, खाली ठेवली नव्हती. ती म्हणाली, "तो मनला, तशीच ठेवा. त तशीच ठेवजा." आणि बहिणीकडे निघून गेली.

शुक्रवारी दुपारी मी शटर अर्धं ओढलं आणि बसलो.

खैरुन चहा घेऊन आली. टेबलावर उघड्या पेट्या पाहिल्या आणि कप हातातच राहिला. "तुमी कसम खाल्ली," ती म्हणाली.

मी म्हणालो, गावांची इज्जत आहे.

"तुमचा भाऊ मराले टेकला आन् तुमी त्याचं गाणं घासून राह्यले."

"ते गाणं नाई," मी म्हणालो. "मी साठ वर्षं सूर आयकले, ते गाणं नाई."

ती कप घेऊन परत गेली. कार्यक्रम होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहितो आहे ती लिहितो. एक पेटी नीट लावायला मला दिवस लागतो. नऊ पेट्या एका दिवसात लागत नाहीत. म्हणून मी पूर्ण पेटी एकही लावली नाही. जाहिदच्या रचनेत लागणाऱ्या पाच पट्ट्या, त्या मला माहीत होत्या, बसमध्ये त्यानंच सांगितल्या होत्या. नऊ पेट्यांच्या मी त्या पाच पट्ट्या लावल्या, आणि बाकीच्या सोडून दिल्या.

गावाची इज्जत राखणारा पेटीवाला असं करत नाही. तो सगळी पेटी लावतो, नाहीतर परत पाठवतो. पाच पट्ट्या लावून पेटी आणखी बिघडते, हे पोरालाही कळतं. मी गावांसाठी काहीही केलं नाही. मला त्याला बरोबर करायचं होतं. लहान असताना मारलं होतं, तेच पुन्हा केलं, फक्त या वेळी तो नागपुरात पलंगावर होता.

बायनाबाईची पेटी मी शेवटी घेतली. शनिवारी सकाळी. रीडांवरचा धूर काळ्या सालीसारखा निघाला. खाली पितळ चकचकीत होतं. मी टोकं घासली, सूर वर आणले. मला अजून तो वास आठवतो, आणि आठवला की मला माझ्या हातांची चीड येते.

शनिवारच्या तालमीला प्रफुल होता. जाहिद नव्हता. प्रफुलनं फोनवर जाहिदला सांगितलं की सर, अप्रतिम झालं, किती शांत वाटतं. जाहिदला त्यावर काय वाटलं असेल ते मला माहीत नाही. त्यानं विचारलं की भाई आहे का तिथे. प्रफुलनं फोन माझ्याकडे धरला. मी हातानं नाही म्हणून सांगितलं.

रविवारी तो गाडीतून थेट सभागृहात आला. निळा शर्ट, अंगावर खैरुनची शाल. पहिल्या रांगेत बसला. मी तिसऱ्या रांगेत, त्याच्या मागे थोडा तिरपा, म्हणजे त्याचा कान आणि गाल मला दिसत होता. सभागृह भरलं होतं. मंचावर आठ माणसं पांढऱ्या कपड्यांत, बायनाबाई हिरव्या लुगड्यात शेवटी. नऊ घड्याळं. प्रफुलनं हात खाली केला आणि नऊ जणांनी काळी एक दाबली.

एक सूर आला.

सरळ. चुना लावलेल्या भिंतीसारखा. माझ्या आयुष्यात मी इतका स्वच्छ सूर लावला नव्हता. नऊ पेट्या आणि सूर केसभरही हलत नव्हता. लोकांनी सुस्कारा सोडला, कोणीतरी वाहवा म्हणालं.

जाहिद हलला नाही. मला वाटलं होतं की तो उठेल, ओरडेल, थांबवेल. उठला असता तर बरं झालं असतं. तो चाळीस मिनिटं तसाच बसला. एक सूर, मग दुसरा, मग दोन एकत्र, देवळातल्या आरतीपूर्वी पेटीवाला भरणी करतो तसं. ज्याच्यासाठी सगळं होतं ते नव्हतं, म्हणून उरलेलं सगळं बिनकामाचं होतं, आणि ते लोकांना आवडत होतं. मध्येच त्यानं शाल खांद्यावरून काढून मांडीवर घेतली आणि घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घडी घातली.

बायनाबाई मंचावर पट्टी दाबायची आणि दर वेळी वाकून पेटीकडे पाहायची, जणू तिच्या जागी कोणी दुसरीच ठेवली आहे.

संपलं तेव्हा लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. प्रफुलनं जाहिदला हात धरून मंचावर नेलं आणि बोलायला सांगितलं. तो माइकसमोर बराच वेळ श्वास घेत उभा राहिला.

"पेट्या फार छान लागल्या आहेत," तो म्हणाला. "माझ्या भावानं लावल्या. त्याला वर बोलवा."

त्यांनी मला वर बोलावलं. मी गेलो. न जायची हिंमत नव्हती. कोणीतरी मोठ्या माणसानं मला शाल दिली, नारळ दिला. सगळं सभागृह माझ्यासाठी टाळ्या वाजवत होतं, भैयाजी सगळ्यांत जोरात. जाहिद माझ्या शेजारी उभा होता आणि तोही टाळ्या वाजवत होता. त्याचे हात एकमेकांना लागत होते, आवाज येत नव्हता.

घरी आल्यावर तो पलंगावर बसला. खैरुननं त्याच्या चपला काढल्या. मी दारात उभा राहून म्हणालो की मी परत उतरवून देतो, पुढच्या महिन्यात पुन्हा करू, मला कळतं कोणती किती खाली होती.

"तुले नाई कळत," तो म्हणाला. "तू बिघडवून देशीन. त्या बिघडलेल्या नव्हत्या, भाई."

खैरुननं चपला पलंगाखाली सारल्या.

"किती पट्ट्या लावल्या?" त्यानं विचारलं.

मी खोटं बोलू शकलो असतो. "पाच."

त्यानं मान हलवली, बराच वेळ हलवत राहिला. "मंजे तुले मायीत होतं," तो म्हणाला. "मले वाटलं, तुले समजलं नसन. सवयीनं केलं असन. तुले सगळं मायीत होतं." मग म्हणाला, "मी आयुष्यभर एकाच माणसाले आयकवायसाठी लिहिलं. तो तूच होता. तुह्याशिवाय ती लहर दुसऱ्या कोणाले ओळखू येते?"

खैरुन मध्ये पडली, म्हणाली आता झोपा. तो झोपला नाही, पण पुन्हा त्या विषयावर माझ्याशी बोलला नाही. मीठ दे, खिडकी लाव, एवढंच.

जानेवारीत बायनाबाई आली. पेटी पुन्हा लुगड्यात बांधलेली. तिनं ती माझ्या टेबलावर आपटली, ठेवली नाही.

"काय केलं जी इले?"

मी विचारलं, काय झालं.

"पाच सूर परके झाले. बाकीचे आमचे हायेत. बाया गाऊन राह्यल्या आन् मधातच दगड लागल्यावानी थांबून राह्यल्या. पोरी हासते. म्हाताऱ्या मनते, बायना शहरात जाऊन पेटी बदलून आली." ती खुर्चीवर बसली नाही. "मी तुमाले सांगतलं होतं, तशीच ठेवजा. मी बोलली होती का नाई?"

"हो."

"मंग माह्या सासूची पेटी तुमच्या बापाची होती का?"

मी म्हणालो की सगळी पेटी नीट लावून देतो, म्हणजे सगळे सूर एका हिशोबात येतील. ती म्हणाली, तुमचा हात पुन्हा हिले लागला त तोडून टाकीन. आणि पेटी उचलून मागच्या खोलीत जाहिदकडे गेली.

दार उघडंच होतं. ती पलंगाशेजारी खाली बसली, भाता उघडला आणि त्याला विचारलं की तुले कोणती आयकाची. तो म्हणाला, ज्यायले भाईनं हात नाई लावला त्या. तिनं एक पट्टी दाबली आणि धरली. मग तिच्या शेजारची. दोन पट्ट्या एकत्र धरल्या तेव्हा लहर आली, जाड, हळू, धुरकट. एका पेटीची लहर ती. नऊंची नव्हती. ती तासभर वाजवत होती. मध्ये तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. मी दुकानात टेबलाजवळ उभा होतो. आत गेलो नाही. मला कोणी बोलावलं नाही.

नंतर ती पेटी घेऊन भामरागडच्या बसनं गेली. माझ्याकडे न पाहता.

त्याची काळी वही मला वाचता येत नव्हती. अडुसष्टाव्या वर्षी मी नातीकडून, रूहीकडून, अक्षर शिकलो ते त्या वहीसाठी. दीड वर्ष लागलं. वहीत गाणं कमी आणि पेट्याच जास्त आहेत. कोणत्या गावात कोणती पट्टी किती खाली, कशानं, कोण वाजवतं. भामरागडच्या पानावर लिहिलं आहे: "बायका इथेच गातात. इथून हलवलं तर गाणं राहणार नाही." हे त्यानं फेब्रुवारीत लिहिलं होतं. मी बाजूलाच बसलो होतो, परतीच्या बसची वेळ विचारत.

त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आता लोकांच्या मोबाइलवर आहे. प्रफुलनं ते परदेशातही पाठवलं. तिकडच्या लोकांनी लिहून कळवलं की शेवटच्या काळात तुमच्या सरांच्या संगीतात मोठी शांतता आली. इथे दरवर्षी त्याच्या नावानं कार्यक्रम होतो आणि तेच रेकॉर्डिंग लावतात, आणि मला पहिल्या रांगेत बसवतात. मी दोनदा उठून सांगितलं की हे त्याचं नाही. एकदा मला माइक दिला नाही. एकदा दिला, मी सांगितलं, आणि लोक म्हणाले, किती नम्र माणूस आहे. आता मी जात नाही. ज्यांना जायचं त्यांनी जावं. पण तिथे जे ऐकाल ते जाहिदचं आहे असं कोणी म्हणू नये. ते माझं आहे. माझं काम ते, आणि चांगलं काम आहे, एकही सूर हलत नाही.

माझा भाऊ जाहिद सोमवार, १७ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी सव्वाअकराला, चंद्रपूरला आमच्या घरी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी वारला. त्याची ती रचना त्यानं ऐकली नाही.